डोंगर गाळू नकोस

उमाताई टिपणीस वाचताना पानं गाळतात, हे त्यांच्या यजमानांना कळलं ते आवाजावरून. एक पान उलटलं की बारीक सळसळ होते. दोन-तीन एकदम उलटली की आवाज जाड येतो, दबका. त्या संध्याकाळी तसा जाड आवाज आला आणि गोष्टीतली क्लारा दरीतल्या खेड्यातून निघाली ती पुढच्याच वाक्याला दगडी गढीच्या दारात उभी राहिली.

"पोचलीसुद्धा?" दिनानाथरावांनी विचारलं.

"हो."

"अख्खा डोंगर चढून जायचं होतं तिला. वाटेत काहीच नाही?"

"वाटेत काय असणार? कडे, ढग, झाडं, वारा. दोन पानं नुसती तीच भरलीत. घडत काही नाही त्यात. आणि शब्द असले अवघड की जीभ वळत नाही."

दिनानाथराव खुर्चीत पुढे वाकले. मग म्हणाले, "ती दोन पानं मी वाचलीत, उमा. डोळे होते तेव्हा. डोंगर गाळू नकोस. या पुस्तकात जे घडतं ते तिथेच घडतं."

हे बावन्न सालातलं. मी बदलापूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले ती छप्पन साली, आणि उमाताई माझ्याआधीपासून तिथे होत्या. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता त्यांनी ही हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. पुढे त्यांच्या घरी जाणं-येणं वाढलं तेव्हा दिनानाथरावांनीही आपल्या बाजूची भर घातली. दोघांच्या सांगण्यात फरक पडायचा तो एवढाच, की प्रत्येक जण श्रेय दुसऱ्याला द्यायचा.

दिनानाथराव अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्राच्या सुट्या भागांचे नकाशे काढायचं काम. हात असा स्वच्छ की त्यांच्या नकाशावर खोडरबराची खूण दिसायची नाही. पन्नास सालच्या दिवाळीत त्यांना पणत्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली. आधी गंमत वाटली. मग चष्मा बदलून झाला. मग कागदाचे कोपरे नाहीसे व्हायला लागले. मध्यभागी काढलेलं चाक दिसे, पण कडेला लिहिलेली मापं दिसेनात. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं, शस्त्रक्रिया केली, आणि फार उशीर झाल्याचंही तितक्याच सरळपणे सांगितलं. बावन्नचा उन्हाळा आला तोवर उजेड आणि अंधार यातला फरकही उरला नव्हता. वय अवघं छत्तीस.

मूलबाळ नव्हतं. उमाताई मॅट्रिक झालेल्या होत्या. बदलापूरच्या प्राथमिक शाळेत त्यांना जागा मिळाली, तेव्हा दोघांनी अंबरनाथची खोली सोडली आणि कुळगावात स्टेशनच्या वाटेवर एका बैठ्या चाळीच्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. पुढच्या अंगाला रस्ता, त्यापलीकडे शेतं आणि मग नदी. मागच्या खोलीच्या खिडक्या पश्चिमेला उघडत. तिथून चंदेरीपासून मलंगगडापर्यंतची सगळी रांग समोर उभी. पण त्या खिडक्या उघडायच्याच नाहीत, असं दिनानाथरावांनी पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं.

"मला काय, उघडी काय नि बंद काय," ते म्हणायचे.

खरं कारण उमाताईंना नंतर कळलं. सकाळी कारखान्यात जाणारी माणसं चाळीवरून घाईघाईनं स्टेशनकडे जात. त्यात अंबरनाथचे जुने सहकारीही असत. त्यांचं बोलणं, हसणं, कुणाचा खोकला, कुणाची चप्पल ओढत चालायची सवय, सगळं ओळखीचं. ते कानावर पडू नये म्हणून पुढचं दार लावलेलं आणि मागच्या खिडक्याही. उमाताई शाळेला गेल्या की हा माणूस बंद खोलीत खुर्चीवर बसून राही, आणि त्या परत येत तेव्हा त्याच खुर्चीवर, तसाच बसलेला दिसे.

वाचून दाखवायची कल्पना उमाताईंची. घरात इंग्रजी कादंबरी ती एकच. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर घेतलेली, कापडी बांधणीची, पुढची पानं गळालेली. त्यामुळे तिचं नाव काय आणि ती लिहिली कुणी, हे त्या घरात कधीच कुणाला कळलं नाही. दिनानाथराव ती वाचत असतानाच डोळे गेले होते. निम्मी झाली होती, निम्मी राहिली होती.

"पुढे काय होतं ते तरी कळू दे तुम्हाला," उमाताई म्हणाल्या. "पण मी पहिल्यापासून वाचणार. मलाही कळायला हवं ना."

गोष्ट अशी होती. बर्फाच्या एका उंच डोंगराखाली दगडी गढी. गढीच्या मालकानं तरुणपणी आपल्या थोरल्या भावाला त्याच डोंगरावर नेऊन दरीत ढकललं होतं आणि सगळं स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. पण तेव्हापासून त्याला डोंगराकडे पाहवत नसे. गढीच्या त्या बाजूच्या खिडक्या त्यानं फळ्या ठोकून बंद करून टाकल्या होत्या. त्या मेलेल्या भावाची मुलगी क्लारा, आईही गेल्यावर, काकाच्या आश्रयाला येते. तिला यातलं काही ठाऊक नसतं. तिला एवढंच कळतं, की या घरात सगळे दबकून बोलतात, आणि मोकळा श्वास घ्यायला फक्त बाहेर, डोंगरावरच जागा आहे.

उमाताईंना पहिली पन्नास पानं मुळीच आवडली नव्हती. "असं कुठे असतं का?" त्या कुरकुरायच्या. "त्या काकाच्या मनात पाप आलं की लगेच वीज कडाडते. ही पोरगी रडायला लागली की पाऊस. पावसाला काय दुसरे उद्योग नाहीत?"

"पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो गं," दिनानाथराव म्हणायचे. "तू नीट वाच. तेच वादळ चालू असतं तेव्हा काका पलंगाखाली दडतो आणि क्लारा खिडकीशी येऊन उभी राहते. डोंगर एकच आहे. त्याला बघून एकाचं काळीज फाटतं नि एकीचं शांत होतं. डोंगर काही करत नाही. तो नुसता आहे तिथेच आहे. म्हणून तर माणसाच्या आत काय आहे ते उघडं पडतं."

डोंगर न गाळता वाचायचं ठरलं आणि उमाताईंची पंचाईत झाली. शाळेतून डिक्शनरी आणली. शब्दाचा अर्थ सापडे, पण अर्थासमोर चित्र उभं राहीना. कडा, घळ, सुळका, दरड. मराठी शब्द वाचूनही त्यांना वाटे की आपण हे नुसतं म्हणतोय, पाहिलेलं काहीच नाही. आणि ज्याला सांगायचं त्याच्यासमोर आता चित्र उभं करणार फक्त आपलं बोलणं. एक दिवस शाळेतून येताना त्या रस्त्यात थांबल्या आणि पश्चिमेकडे मान वर करून उभ्या राहिल्या. अंबरनाथ आणि बदलापूर मिळून नऊ वर्षं त्या याच रांगेखाली राहिल्या होत्या. धुणं वाळत घालताना ढग आलेत का, एवढंच तिकडे पाहिलेलं.

"काय बघता वो मास्तरीणबाय? इमान आलं का?" मागून अंजनीबाई म्हणाल्या.

अंजनीबाई चामटोली गावच्या. डोक्यावर टोपली घेऊन बदलापुरात भाजी विकायला यायच्या. पडवळ, काकड्या, भोपळ्याची फुलं, श्रावणात करटुली. उमाताईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आणि बोलायची हौस दांडगी.

"विमान नाही हो. तो दोन डोंगरांच्या मधे चिरल्यासारखा भाग आहे ना, त्याला काय म्हणता तुम्ही?"

"ती नाळ. पावसात तिथना मोप पानी येतं. कशाला पायजे?"

उमाताईंनी सांगितलं कशाला ते. रस्त्यातच उभ्या उभ्या क्लारा, काका, बंद खिडक्या, सगळं. अंजनीबाईंनी टोपली खाली ठेवली आणि ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मंग त्या पोरीला कवा कलनार, आपला बाप कोनी मारला?"

"मलाही माहीत नाही. पुढे वाचलं की कळेल."

"मंग मना सांगा हां. ईसरू नका."

त्या दिवसापासून अंजनीबाई टोपली विकून झाली की टिपणिसांच्या ओट्यावर टेकायला लागल्या. उमाताई इंग्रजी वाचत, मग मराठीत सांगत. दार अर्धं लोटलेलं असे. आत खुर्चीवर दिनानाथराव, बाहेर ओट्यावर अंजनीबाई, आणि मधे उंबऱ्यात पुस्तक घेऊन उमाताई. बर्फ ही काय चीज, हे अंजनीबाईंना पटवायला फार वेळ लागला. "म्हंजी डोंगरावर मीठ पसरल्यावानी?" त्यांनी विचारलं. उमाताई हो म्हणाल्या. आतून दिनानाथरावांच्या हसण्याचा आवाज आला. किती तरी महिन्यांनी आला.

असं होता होता, पावसाळा सरल्यावर, तो प्रसंग आला. क्लारा एका दुपारी काका झोपलेला पाहून वरच्या मजल्यावर जाते आणि खिडकीवरची एक फळी उचकटून काढते. एवढ्या वर्षांनी गढीत उजेड शिरतो. समोर डोंगर. तेवढ्यात जिन्यावर काकाची पावलं वाजतात आणि तो दारातूनच ओरडतो, बंद कर ती खिडकी!

इथे उमाताई थांबल्या. त्या ज्या घराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या त्या घराच्या खिडक्या सहा महिने बंद होत्या, आणि त्या बंद करायला लावणारा माणूस समोर बसला होता. अंजनीबाईही त्या दिवशी आल्या नव्हत्या, काही तरी बोलून वेळ मारून न्यायला.

"थांबलीस का?" दिनानाथरावांनी विचारलं.

"काही नाही. घसा सुकला."

त्यांनी मान मागच्या खोलीकडे वळवली. मग म्हणाले, "उमा, आपल्या खिडक्या कुठल्या बाजूला उघडतात?"

"पश्चिमेला."

"काय दिसतं?"

"मी तरी कुठे पाहिलंय इथून," उमाताई म्हणाल्या.

"मग उघड आणि बघ. मलाही सांग."

खिट्ट्या गंजल्या होत्या. लाटण्यानं ठोकून त्यांनी त्या सोडवल्या. कापायला आलेल्या भाताचा वास एकदम आत आला. दिनानाथराव उठले, भिंतीला हात लावत खिडकीशी आले आणि गजांना धरून उभे राहिले. उमाताई सांगत राहिल्या: उजवीकडे मलंगगड, त्याला वर बोटासारखा सुळका, मधे रांग खाली उतरते, डावीकडे चंदेरी, तिचा माथा हातोडीनं ठोकून चपटा केल्यासारखा, सूर्य आता रांगेवर कललाय. नकाशे काढणारा माणूस तो. "माथा रुंदीला किती? उंचीच्या निम्मा? पाव?" असं विचारून विचारून त्यांनी सगळी रांग मनात उतरवून घेतली. उमाताई मला म्हणाल्या होत्या, "मी त्या दिवशी खिडकी उघडली पद्मजा, पण डोंगर मला त्यांनी दाखवला. त्यांनी विचारलं नसतं तर मी इतकं निरखून कधी पाहिलंच नसतं."

कार्तिकात अंजनीबाईंनी दोघांना चामटोलीला यायचा आग्रह धरला. भाताची झोडणी चालू होती. त्यांचा नवरा रघु बैलगाडी घेऊन दारात आला तेव्हा दिनानाथरावांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. बदलापूरला आल्यापासून ते पहिल्यांदा रस्त्यावर आले. चाळीतली माणसं दारात येऊन "कसं काय, दिनानाथराव?" म्हणाली, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला वाटत होतं तितकं ते कठीण नव्हतं.

खळ्यावर त्यांच्या हातात भाताच्या लोंब्या दिल्या, गरम भाकरी दिली. दुपार कलल्यावर रघु म्हणाला, "चला, डोंगराच्या पोटाशी आमची वरकस जमीन हाय, नाचनी केली हाय ती बघून येऊ. बघून म्हंजी..." आणि तो ओशाळला.

"चला की," दिनानाथराव म्हणाले. "तुम्ही बघा, मी ऐकतो."

नाचणीच्या त्या तुकड्यावर पोचल्यावर रघूनं पलीकडच्या उतारावरच्या गुराख्याला मोठ्यानं हाक घातली. हाक गेली आणि क्षणभरानं डोंगरावरून परत आली. दिनानाथराव जागच्या जागी थांबले.

"परत एकदा हाक मारा," ते म्हणाले.

रघूनं मारली. मग त्यांनी स्वतः मारली. मग टाळी वाजवली, तोंड जरा डावीकडे वळवून पुन्हा वाजवली. डावीकडून उत्तर लवकर आलं, उजवीकडून उशिरा, आणि मधे एका दिशेनं काहीच आलं नाही.

"इकडे कडा जवळ आहे," ते हातानं दाखवत म्हणाले. "इकडे लांब. आणि इथे मधे मोकळं आहे, इथे नाळ असणार. बरोबर?"

"बराबर," रघु म्हणाला.

उमाताई सांगायच्या, त्यांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता. डोळे गेल्यापासून जग त्यांच्या हाताएवढं झालं होतं. काठी लागते तिथे संपायचं. त्या माळावर ते पुन्हा लांबवर पसरलं. ते टाळ्या वाजवत होते, वळत होते, पुन्हा वाजवत होते, आणि हसत होते. अंजनीबाईंनी पदर तोंडाला लावला. परतताना गाडीत ते उमाताईंना म्हणाले, "पुस्तकातल्या त्या काकाला या घुमण्याचीच भीती वाटते. आठवतं? दरीतून त्याला भावाची हाक ऐकू येते. आणि मला बघ, मला कुणी तरी ओ दिल्यासारखं वाटलं."

त्यानंतर वाचन भराभर पुढे गेलं. दिनानाथरावांनी वाचलेला भाग संपला आणि पुढचं दोघांनाही नवं होतं. आता मात्र उमाताईंना घरी वाचायच्या आधी शब्द पाहून ठेवायची सवय लागली होती, म्हणून त्या शाळेत मधल्या सुट्टीत पुढची पानं चाळत. तिथेच त्यांनी शेवट वाचला.

शेवट असा होता. क्लाराला खरं कळतं. काका तिच्यासमोरून पळून डोंगरावर जातो. रात्रभर वादळ. सकाळी लख्ख ऊन पडतं आणि सगळीकडच्या बर्फावरून ते असं परततं की काकाची दृष्टी जाते. आंधळा झालेला तो माणूस बर्फात चाचपडत फिरतो आणि ज्या दरीत भावाला ढकललं त्याच दरीत जातो.

उमाताईंनी पुस्तक मिटलं. डबा तसाच झाकला. घरी आल्यावर दिनानाथराव खिडकीशी बसलेले, म्हणाले, "चल, आता थोडंच उरलंय ना?"

"आज नको. डोळे दुखतायत," त्या म्हणाल्या, आणि म्हटल्याबरोबर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग राहू दे," ते म्हणाले. "जप हो डोळ्यांना."

दोन दिवस असेच टाळले. रविवारी दुपारी अंजनीबाई येऊन बसल्या, शेवट ऐकल्याबिगर जायची नाही म्हणाल्या. उमाताईंनी पुस्तक उघडलं आणि मनानं सांगायला सुरुवात केली. काका वादळात डोंगरावर जातो. सकाळ होते. बर्फ वितळायला लागतो, चहूकडून पाणी वाहायला लागतं, उतारावर झाडं लालभडक फुललेली असतात. काका एका दगडावर बसून पोटभर रडतो. क्लारा त्याला शोधत वर येते, हाताला धरते, दोघं सावकाश खाली उतरतात. गढीच्या सगळ्या खिडक्या ती उघडते.

"बरा झाला," अंजनीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पोरगी चांगली हो. मी नसता धरला त्याचा हात." आणि टोपली उचलून समाधानानं घरी गेल्या.

त्यांची पावलं दूर गेल्यावर दिनानाथराव म्हणाले, "उमा, ती लाल झाडं कसली गं?"

"पांगारा," उमाताई बोलून गेल्या. शाळेच्या वाटेवर तेव्हा पांगारा फुलला होता.

"बर्फाच्या डोंगरावर पांगारा?" ते हसले. "आणि इतकी मोठी गोष्ट सांगितलीस, पण पान एकदाही उलटलं नाहीस."

उमाताई रडायला लागल्या. त्यांनी रडू दिलं. रडणं ओसरल्यावर म्हणाले, "आता लिहिलंय ते वाच."

त्यांनी वाचलं. ऊन, बर्फाची तिरीप, गेलेली दृष्टी, चाचपडणं, दरी. एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं.

दिनानाथरावांनी खिडकीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "लेखकानं बरोबर लिहिलंय. पण डोंगरानं त्याला मारलं असं मला नाही वाटत. डोळे गेल्यावरही त्यानं कुणाला हाक मारली नाही बघ. क्लारा खालीच होती. एक हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. हाकेची भीती वाटायची त्याला, तिथे त्याचं चुकलं."

मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात तू शाळेत गेलीस की मी नदीचा आवाज ऐकत बसायचो. दारं लावली तरी यायचा. शेतातून सरळ चालत गेलं तर किती पावलं होतील, असा विचार करायचो."

उमाताई त्यांच्या जवळ येऊन बसल्या. "मग?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मग काय? क्लारा जिन्यात उभी असायची. संध्याकाळी तू येऊन पुढचं वाचणार असायचीस." त्यांनी हात पुढे केला, आणि उमाताईंनी तो धरला. "दोन्ही शेवट चांगले आहेत. तुझा जरा जास्त चांगला आहे. तुझे उपकार कसे फेडू ते मला कळत नाही, पण आहेत एवढं म्हणू दे."

"तुम्हीच म्हणालात ना, डोंगर गाळू नकोस म्हणून," उमाताई म्हणाल्या. "नाही तर मी दोन आठवड्यांत पुस्तक संपवून टाकलं असतं."

पुढची गोष्ट सरळ आहे. उमाताईंच्या शाळेला पाट्या-पेन्सिली पुरवणारे टेकचंद म्हणून एक सिंधी गृहस्थ होते. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये त्यांचं छोटं दुकान होतं. सिंधमधलं घरदार सोडून आलेली माणसं तिथे लष्करी बराकींत पडदे लावून संसार करत होती. तरुणांना नोकऱ्या हव्या होत्या आणि साहेबासमोर इंग्रजीत चार वाक्यं बोलता येत नव्हती. दिनानाथरावांबद्दल ऐकल्यावर टेकचंद स्वतः बदलापूरला आले.

"साईं, हमारे लोगों को लिखना आता है, बोलना नहीं आता," ते म्हणाले. "आप बोलना सिखाओ. बोलने को आँख का क्या काम?"

इतक्या मोकळेपणानं डोळ्यांचा उल्लेख तोवर कुणी केला नव्हता. दिनानाथरावांना ते फार आवडलं. चोपन्न सालापासून दर शनिवार-रविवार दोघं कल्याणला उतरून टांग्यानं कॅम्पात जाऊ लागली. एका बराकीच्या मोकळ्या टोकाला वर्ग भरे. तरुण मुलगे, दुकानदार, हळूहळू बायकाही. दिनानाथराव इंग्रजी बोलायला शिकवत. समोरच्याच्या आवाजावरून त्यांना कळे की कोण बिचकतंय, आणि त्याला ते आधी बोलायला लावत. वर्गातली मुलं बँकेत लागली, रेल्वेत लागली, आणि लागली की पेढे घेऊन बदलापूरला यायची. आपल्या हाताला पुन्हा काम आलं, या एका गोष्टीसाठी ते टेकचंदांचं नाव रोज घेत.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात मीही एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. धडा संपला तेव्हा मुलांनी गोष्टीचा हट्ट धरला, आणि दिनानाथरावांनी तोडक्यामोडक्या हिंदीत क्लाराची गोष्ट सुरू केली. अडलं की उमाताई पुरवत. टेकचंदांची म्हातारी आई खाटेवर बसून ऐकत होती. बायका कामं टाकून पडद्यांच्या आडून बाहेर आल्या. क्लारा आपलं खेडं सोडून निघते तिथे दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. डोंगराचं वर्णन आलं तेव्हा मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. कुणी कंटाळलं नाही. उलट म्हातारीनं मधेच विचारलं, "वहाँ दरिया था?" आणि नदी होती म्हटल्यावर तिनं मान हलवली, जणू आता काळजी नाही.

शेवटाशी आल्यावर दिनानाथराव थांबले. "इसके दो अंत हैं, अम्मा. एक किताब का, एक इनका." त्यांनी उमाताईंच्या दिशेनं हात केला. "कौन सा सुनाऊँ?"

"दोनों," म्हातारी म्हणाली. "पहले किताब का. फिर इसका."

तसंच झालं. दुसरा शेवट उमाताईंनी सांगितला, पांगाऱ्यासकट. नंतर आमच्यापुढे पाणी आणि भाजलेले पापड आले. आम्ही निघायला उठलो तशी म्हातारी खाटेवरून उतरली आणि दिनानाथरावांचा हात धरून त्यांना बराकीच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथे आधी रॉकेलच्या रिकाम्या डब्यात वाढवलेलं, मग जमिनीत लावलेलं कडुनिंबाचं रोप आता माणसाच्या खांद्याएवढं झालं होतं. तिनं त्यांची बोटं एका फांदीवर ठेवली. कोवळी, तांबूस पानं होती.

"सिंध से लाई थीं?" दिनानाथरावांनी विचारलं.

"नहीं बेटा. उधर से कुछ नहीं ला सकी. ये यहीं का है. यहीं की मिट्टी का."

दिनानाथरावांनी पानांवरून सावकाश हात फिरवला, एक पान खुडून वास घेतला आणि खाली वाकून त्या म्हातारीच्या पायांना हात लावला. उमाताईंनीही लावला. मग टांगा येईपर्यंत आम्ही सगळे तिथेच, त्या झाडापाशी, उन्हात उभे राहिलो.